एकाच घरात आठ ग्रह

लखनौ, २१ जून १९८७

प्रिय सुभद्राताई,

सप्रेम नमस्कार. मी जिवंत आहे, दोन वेळा जेवतो, आणि झाशीला राहिलेली ट्रंक परत मिळाली. तुझ्या प्रत्येक पत्रात आधी हेच विचारलेलं असतं, म्हणून उरकून घेतलं. तू कशी आहेस? दवाखान्यात अजून रात्रपाळ्याच देतात का? भाऊजींचा खोकला?

आता बस आणि वाच. मला नोकरी लागली. हसू नकोस. रेडिओ दुरुस्तीची नाही, मेळ्यात तंबू ठोकायचीही नाही. इथे हज़रतगंजमध्ये गजेंद्रबाबूंचं दुकान आहे, दुकानात काचेची खोली आहे, खोलीत एक कॉम्प्युटर आहे, आणि त्या कॉम्प्युटरनं काय करायचं ते मी सांगतो.

झालं असं की मी त्यांचा स्टॅबिलायझर दुरुस्त करायला गेलो होतो. लाइट गेलेली. लाइट येईपर्यंत टेबलावरचं पुस्तक चाळत बसलो. तुला माहीतच आहे, मी एक काम करायला जातो आणि दुसऱ्यातच अडकतो. भुसावळला तसंच झालं, इटारसीला तसंच. पण या वेळी अडकलो तो अडकलोच. लाइट आली तेव्हा मी पुस्तकातल्या चार ओळी टाइप केल्या आणि हिरव्या अक्षरांत माझं नाव पडद्यावर वरपासून खालपर्यंत धावत सुटलं. थांबेचना. गजेंद्रबाबू धावत आले, "अरे भैया, क्या कर दिया?" मी म्हटलं, मालूम नहीं, पर रुकिए, देखने दीजिए. त्या दिवसापासून मी इथे आहे.

या भाषेला बेसिक म्हणतात. मूठभर शब्दांची भाषा. प्रत्येक ओळीला नंबर द्यायचा: दहा, वीस, तीस. मध्ये जागा ठेवायची, कारण नंतर काहीतरी सुचतंच. मग पंधरा नंबरची ओळ घुसवायची. ही सोय ज्यानं केली तो माणूस माझ्यासारखा विसरभोळा असणार. चुकलं की यंत्र ओरडत नाही. "सिंटॅक्स एरर" एवढं लिहितं आणि वाट बघत बसतं. ताई, मला इतक्या शांतपणे माझी चूक कुणी दाखवली नाही, तू धरून.

आणि फ्लॉपी. काळ्या पाकिटात ओल्या पापडासारखी मऊ तबकडी. रिकामी आणि भरलेली दिसायला सारखीच, वजनाला सारखीच. मी महिनाभर घाम गाळून लिहिलेलं सगळं तिच्यावर आहे आणि उजेडात धरली तर काही दिसत नाही. मी तासभर धरून बसलो होतो. गजेंद्रबाबू रोज सकाळी मशीनला उदबत्ती ओवाळायचे. मी सांगितलं की धुरानं फ्लॉपी खराब होते, तर आता काचेच्या बाहेरून ओवाळतात.

काम काय, तर हिशेबाचं आहे. आकाशाचा हिशेब. तारीख, वेळ आणि गाव टाकलं की त्या क्षणी सूर्य कुठे, चंद्र कुठे, शनी कुठे, ते मशीन काढतं. बाहेरून चहा येईपर्यंत उत्तर तयार. परवा उगाच हजार वर्षांपूर्वीचं साल टाकलं. वाटलं, आता चिडेल. नाही. तितकाच वेळ, तितकंच शांत. मग पुढचं साल टाकलं, तू-मी कुणी नसू असं. तेही सांगितलं. त्याला मागचं काय नि पुढचं काय, दोन्ही सारखंच, फक्त उणे आणि अधिक. मी बाहेर येऊन रस्त्यावर उभा राहिलो, वर बघितलं तर नुसतं ऊन. त्या उन्हामागे ते सगळे आपापल्या जागी होते आणि मला जागा माहीत होत्या. अंगावर काटा आला म्हणजे काय ते मला भर जूनमध्ये कळलं.

प्रोग्राम तपासायला म्हणून एक विचारतो. माझा जन्म नक्की कधीचा? शाळेच्या दाखल्यावर १ जुलै १९६२ आहे, पण मास्तरांनी आमच्या अख्ख्या वर्गाला एक जुलैच दिली होती. आई होती तेव्हा विचारायचं राहिलं. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस, तुला आठवत असेल.

निशातगंजात खोली घेतली आहे, खाली सायकलवाल्याचं दुकान. इथे एक मराठी कुटुंबही भेटलं. रेल्वेत इंजिनिअर आहेत, दीनानाथ मुळ्ये. परवा त्यांनी मलिहाबादच्या दशहरी आंब्यांची करंडी पाठवली. वरण-भातही मिळतो कधी कधी. चांगली माणसं आहेत.

तुझा,
देव

*

लखनौ, ९ ऑगस्ट १९८७

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "या वेळी पत्राच्या डोक्यावर जयभीम काहून नाही रे," असं तू विचारलंस. घाईत राहिलं असेल. शिवाय मी पत्र दुकानाच्या काउंटरवर लिहितो, येणारा-जाणारा डोकावतो, इथे मराठी अक्षरं सगळ्यांना वाचता येतात. म्हणजे तसं काही नाही. राहिलं.

आणि "आकाशाचा हिशेब कुणाला लागतो बाप्पा, शेतकऱ्याला की विमानवाल्याला," हेही तू विचारलंस. सांगतो. दुकानावर मोठी पाटी आहे: कम्प्यूटर जन्मपत्री. आम्ही जन्मपत्रिका छापतो. लग्नासाठी दोघांच्या पत्रिका जुळवून गुणही छापतो. लोक लांबून येतात. मशीननं काढलं म्हणजे खोटं असूच शकत नाही, असं म्हणतात. आणि त्यांचे पंडितजी कोण? मी. गजेंद्रबाबूंनी पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकासमोर म्हटलं, "हमारे पंडितजी नागपुर से आए हैं." तेच नाव चिकटलं. समोरचा चहावालासुद्धा म्हणतो, पंडितजी, कड़क या मीठी.

बाबा असते तर त्यांनी काय केलं असतं ते लिहू नकोस, मला माहीत आहे. त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातलं पंचांग चुलीत घातलं, हे तूच मला सांगितलंस. पण ताई, ग्रह खोटे नाहीत ना. ग्रहांचं लोक जे करतात ते खोटं. मी फक्त ग्रहांपर्यंतचा भाग लिहितो. पुढचा भाग, म्हणजे कुणाला मंगळ आणि कुणाला नाही, तो गजेंद्रबाबू एका पोथीतून वाचून दाखवतात आणि मी नुसतं टाइप करतो. असं मी स्वतःला सांगतो आणि बहुतेक वेळा पटतं.

मुळ्येकाका पहिल्यांदा दुकानात आले ते मुलीची पत्रिका काढायला. मी मराठीत "बसा" म्हटलं तर माणसाचे डोळे भरून आले. नागपूरचा म्हटल्यावर त्यांनी विचारलं, महालात घर का? म्हणजे त्यांच्यातल्या लोकांच्या वस्तीत. माझ्या तोंडात पान होतं. मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते माझं मलाही सांगता यायचं नाही. आडनाव त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पंडितजी म्हटल्यावर कोण आडनाव विचारतं?

मुलीचं नाव कांचन. लखनौ विद्यापीठात गणित शिकते. तिला मराठी सगळं कळतं पण बोलते हिंदीत. मी तिला प्रोग्राम कागदावर दाखवला तर तिनं पेन घेऊन माझ्या नऊ ओळींच्या जागी दोन लिहिल्या आणि म्हणाली, "इतना घूमकर क्यों जाते हो?" मी म्हटलं, माझा स्वभाव आहे. हसली. त्या दोन ओळींनी मशीनचा अर्धा वेळ वाचला. मला रागही आला नाही. मी नुसता बघत राहिलो, त्या ओळींकडे म्हणजे.

गेल्या रविवारी जेवताना काका म्हणाले, "देवा, तुझीही पत्रिका एकदा आण रे. बघू." एवढंच. माणिककाकूंनी माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली आणि कांचन पाणी आणायला उठून गेली. ताई, तू समजलीस ना?

आता जे केलं ते लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय झोप नाही. आमच्याकडे पत्रिका कुठली? पण माझ्याकडे प्रोग्राम आहे. रोज तो जन्मावरून आकाश काढतो. मी एक लूप लिहिली, म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा करायच्या ओळी, आणि त्याला उलटा चालवला. कांचनची पत्रिका दिली आणि म्हटलं, माझ्या वयाचा असा मुलगा शोध की जो हिच्याशी सगळ्यांत चांगला जुळेल. मशीन एक एक तास पुढे सरकत गेलं. बाहेर दुपार, काचेच्या आत एसीचा आवाज, पडद्यावर आकडे. थांबलं तेव्हा माझ्यासमोर एका माणसाचा जन्म होता. तारीख, वेळ, लग्न, रास, सगळं. मंगळ नाही, साडेसाती नाही. असा माणूस जन्मला की नाही कुणास ठाऊक, पण मी त्या क्षणी जन्मायला हवं होतं. मला भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, कौतुकही वाटलं. एवढी ताकद एका मऊ तबकडीवर. मी ते छापून खिशात ठेवलं आहे. दिलेलं नाही.

आणि त्याच दिवशी तुझं हे पत्र आलं. तू लिहिलंस: "रविवार होता, बाबा घरी होते. अमावास्या होती. निवडणूक आली होती म्हणून बाबा भिंतीवर हत्ती रंगवत होते. आईनं मला सुईणीला आणायला पिटाळलं. नाल्यापलीकडे गेले तर रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानं बंद, आणि महालाकडून तुपाचा धूर येत होता. मला भीती वाटली होती. तू झालास आणि दुपारच्या पाळीचा भोंगा झाला."

यातून तारीख काढणं सोपं होतं. बासष्टच्या निवडणुकीच्या आधीची अमावास्या, रविवार: ४ फेब्रुवारी. तारीख टाकली, दुपारची वेळ टाकली, नागपूर टाकलं. म्हटलं, बघू तरी आपण खरे कसे आहोत.

प्रिंटर थांबला तेव्हा कागदावर गिचमिड झाली होती. एकाच घरात आठ ग्रह. एका चौकोनात चार मावतील एवढीच जागा मी ठेवली होती, त्यामुळे सूर्य-चंद्र, मंगळ, बुध, सगळे एकमेकांवर चढून शेजारच्या घरात सांडले होते. राहू तेवढा समोरच्या घरात एकटा. गजेंद्रबाबूंनी बघितलं आणि म्हणाले, "पंडितजी, एक रिक्शे में आठ सवारी? लगन का सीज़न सिर पर है और आपने मशीन बिगाड़ दी."

तेव्हापासून बिघाड शोधतोय. प्रत्येक ओळीनंतर मशीनला आकडा छापायला लावला. एकेक ग्रह हातानं तपासला, वहीत गुणाकार करून. एकेक बरोबर आहे, आणि सगळे मिळून अशक्य. मला जेवण जात नाही. काकांकडे पत्रिका न्यायची आहे हेसुद्धा मी दोन दिवस विसरलो होतो, यावरून समज.

तुझा,
देव

*

लखनौ, ४ ऑक्टोबर १९८७

ताई,

तुझी दोन पत्रं आली आणि मी उत्तर दिलं नाही. तू लिहिलंस, "खिशातला कागद फाडलास का?" फाडला नाही. पुढे कळेल.

श्रावण संपता संपता काकांनी पुन्हा बोलावलं. खिशात दोन कागद घेऊन गेलो. एक तो बनवलेला. दुसरा आठ ग्रहांचा, कारण बिघाड सापडला नव्हता आणि काका इंजिनिअर आहेत, त्यांना दाखवावा असं वाटत होतं. पहिल्यांदा कुठला काढायचा ते मी दारापर्यंत ठरवलं होतं. पण तुला माझं माहीत आहे. चहा आला, काका म्हणाले, "आणलीस का?" आणि मी म्हटलं, "आणली, पण आधी एक गंमत बघा. एका गिऱ्हाइकाची आहे. प्रोग्राम चुकतोय आणि चूक मिळत नाही."

काकांनी चष्मा लावला. कागद उजेडात नेला. मग बोटानं एकेक ग्रह मोजला, पुन्हा मोजला, तोवर माणिककाकू आतून बाहेर आल्या.

"माणिक, हे बघ," काका म्हणाले. "अष्टग्रही."

काकूंनी तोंडावर हात ठेवला.

मला तो शब्दच माहीत नव्हता. काका सांगू लागले. बासष्ट साली फेब्रुवारीत आठ ग्रह खरोखरच मकर राशीत एकत्र आले होते. जग बुडणार म्हणून देशभर बोभाटा. काका तेव्हा मिरजेला, नुकते रेल्वेत लागलेले. म्हणाले, "गाड्या रिकाम्या धावत होत्या. लोक घराबाहेर पडेनात. आमच्या आईनं आम्हाला अंगणात झोपवलं, घर अंगावर पडेल म्हणून. गल्लोगल्ली होम. मी इंजिनिअर, पण सांगतो तुला, मीसुद्धा आकाशाकडे बघत होतो."

ताई, माझ्या डोक्यात तुझं पत्र वाजत होतं. बंद दुकानं, नाल्यापलीकडचा रिकामा रस्ता, महालाकडून येणारा तुपाचा धूर. दहा वर्षांची तू सुईणीला शोधत फिरत होतीस आणि सगळं नागपूर जग बुडायची वाट बघत आत बसलं होतं. आणि माझ्या हिरव्या पडद्याला ते माहीत होतं. मी त्याला अष्टग्रही शिकवली नव्हती. कुणीच त्याला काही सांगितलं नव्हतं. मी फक्त ग्रह कसे चालतात ते लिहिलं होतं, त्यातल्या दोन ओळी कांचनच्या, आणि त्यानं चालत चालत मागे जाऊन त्या रविवारी सगळ्यांना एका घरात गाठलं. आणि आम्ही त्याला बिघाड म्हणत होतो.

"कुणाची आहे रे ही?" काकू म्हणाल्या. "बिचारा. याला कोण मुलगी देणार?"

"म्हणजे प्रोग्राम बरोबर आहे," मी म्हटलं. "काका, म्हणजे एकही ओळ चुकलेली नाही. ही माझीच पत्रिका आहे."

हे मी फार मोठ्या धैर्यानं बोललो असं समजू नकोस. मला इतका आनंद झाला होता की तोंडातून निघालं. दुसरा कागद खिशात आहे हे आठवलं तेव्हा उशीर झाला होता.

काकूंनी स्वतःला सावरलं. "तुझ्या आईनं शांत केली असेल ना तेव्हा? होम वगैरे?"

इथे मी थांबू शकलो असतो. हो म्हणायला एक अक्षर लागतं. पण मला भिंत दिसत होती, आणि भिंतीवर बाबा.

"नाही काकू. आमच्याकडे त्या दिवशी कुणी होम केला नाही. आमचे बाबा भिंतीवर हत्ती रंगवत होते. निवडणुकीचा. आमचं घर महालात नाही, नाल्याच्या अलीकडे आहे. मी गजभिये."

काका त्या वेळी मिरजेत असले तरी हत्ती आपल्या पक्षाचा होता हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. काकू कप उचलून आत गेल्या. माझ्या कपात चहा होता, तोही गेला. आतून नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

कांचन दारात उभी होती. ती म्हणाली, "पर दुनिया ख़त्म तो नहीं हुई थी ना, बाबा?"

काका उठले. मला फाटकापर्यंत सोडायला आले. तिथे म्हणाले, "हिशेब चोख आहे तुझा." मग घाईनं, "सांभाळून जा," आणि वळले. मी निशातगंजपर्यंत चालत आलो. दुःख होतं, खोटं नाही सांगत. पण वर बघितलं की दुःख बाजूला सरकायचं. गुरू नुकता पूर्वेला वर येत होता, जिथे असायला हवा तिथेच.

त्यानंतर महिनाभराहून जास्त कुणी आलं नाही. मी प्रोग्राममध्ये घर मोठं केलं. आता आठही ग्रह एका चौकोनात नीट बसतात. गजेंद्रबाबू म्हणाले, "इतनी मेहनत किसके लिए? ऐसा आदमी तो लाखों में एक आएगा." मी म्हटलं, आ चुका है. त्यांना मी माझं पूर्ण नावही सांगितलं. त्यांनी काचेचं दार ओढून घेतलं, मग म्हणाले, "भैया, ग्राहक को मत बताना." आता मला पंडितजी म्हणत नाहीत, नुसतं देव म्हणतात. नोकरी अजून आहे. उद्या असेल का, ते कुठलाही प्रोग्राम सांगत नाही. दिल्लीत म्हणे रेल्वेचं रिझर्व्हेशन कॉम्प्युटरवर आलंय. कुठल्या गाडीत कुठली जागा रिकामी ते एका यंत्राला माहीत. तिथे पत्रिका लागत नसेल. अर्ज करावा म्हणतो. बघू.

पण काल काका दुकानात आले. एकटे. ऑफिसची बॅग हातात. गिऱ्हाइकांच्या बाकावर रांगेत बसले, नंबर आल्यावर आत आले, चपला बाहेर काढल्या. म्हणाले, "तो आठ ग्रहांचा कागद. नीट छापून मिळेल का?"

मी मशीन चालू केलं. तारीख टाकली. माझा प्रोग्राम सगळ्यांत आधी नाव विचारतो. त्या दिवशी मी तिथे "टेस्ट" लिहिलं होतं, म्हणून पुन्हा तेच लिहायला लागलो.

"नाव घाल," काका म्हणाले. "पूर्ण. वडिलांचंही."

मी घातलं. ती टिंबांची अक्षरं मीच आलेख कागदावर काढली होती, हजारो लोकांची नावं त्यांत छापली, पण माझं स्वतःचं कधी छापलं नव्हतं. प्रिंटर एका ओळीला पुढे जातो, दुसरीला मागे येतो. बाबांचं नाव उलटीकडून उमटत आलं. आम्ही दोघं बघत उभे होतो. काकांनी कागदाच्या दोन्ही बाजूंच्या भोकांच्या पट्ट्या हळूच फाडल्या, कागद बॅगेत ठेवला.

"घरी दाखवतो," म्हणाले. "कांचन रोज विचारते."

यापुढे काय होईल ते मला माहीत नाही, ताई. मशीनला विचारलेलं नाही. ती उलटी लूप मी पुसून टाकली.

आता हा कागद पालट. मागच्या बाजूला जो माणूस छापलाय, मंगळ नसलेला, साडेसाती नसलेला, तोच तो खिशातला. फाडायला जिवावर आलं, कागद चांगला होता. पट्ट्यांसकट ठेवलाय, भाचीला माळा करायला होतील.

सविनय जयभीम, तुला आणि भिंतीला.

तुझा धाकटा,
देवानंद रामदास गजभिये